फोटोत साडीचा रंग का बदलतो आणि तो खरा कसा आणायचा?

काचिगुडा, सुलतान बाजार, नारायणगुड्यापासून थेट कुकटपल्लीपर्यंत हैदराबादच्या कितीतरी मराठी घरांतून आज साड्यांचा छोटा व्यवसाय चालतो. नारायणपेठी, गद्वाल, पोचमपल्लीची इक्कत विणकरांकडून किंवा ठोक दुकानातून आणायची, फोनवर फोटो काढायचे, पुणे-नागपूर-नांदेडच्या व्हॉट्सअॅप गटांत टाकायचे आणि कुरिअर करायचे. या व्यवसायातल्या वाचकांचे प्रश्न फिरून फिरून त्याच जागी येतात. वांगी रंगाची साडी फोटोत निळी का येते? राणी रंगाचा सपाट गुलाबी डाग का होतो? सकाळी आणि संध्याकाळी काढलेले एकाच साडीचे फोटो दोन वेगळ्या साड्यांचे का वाटतात? आणि महागडा कॅमेरा घेतला तर हे सगळे थांबेल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: बहुतेकांच्या बाबतीत थांबणार नाही. कापडापासून ग्राहकाच्या डोळ्यापर्यंत जाताना रंग चार ठिकाणी बदलू शकतो: कापडावर पडणारा उजेड, सेन्सरने घेतलेले मोजमाप, त्या मोजमापावरून फोनने केलेला हिशेब आणि शेवटी समोरच्याचा स्क्रीन. यातला उजेड तुमच्या पूर्ण ताब्यात आहे आणि सगळ्यात स्वस्तही आहे. म्हणून पैसे आणि मेहनत त्याच क्रमाने खर्च करा.

आधी एवढेच समजून घ्या

कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि त्यावर लक्षावधी सूक्ष्म पिक्सेल असतात. उजेड किती पडला एवढेच सिलिकॉनला कळते, तो कोणत्या रंगाचा होता ते कळत नाही. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतले ब्राइस बायर यांनी या गाळण्यांची जी मांडणी केली, तिचे पेटंट त्यांना १९७६ मध्ये मिळाले. तीच मांडणी थोड्याफार फरकाने आजही बहुतेक फोन आणि कॅमेऱ्यांत असते: दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा. हिरवे दुप्पट असतात, कारण बारीक तपशील ओळखताना आपल्या डोळ्याची मदार मुख्यतः हिरव्या भागातल्या उजेडावर असते.

म्हणजे एका पिक्सेलवर तीनपैकी एकाच रंगाचे मोजमाप होते. उरलेले दोन आकडे शेजारच्या पिक्सेलांवरून काढले जातात. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके सेन्सरने काढायचे आणि रेघा फोनने जोडायच्या, असा हा मामला आहे. तुमच्या फोटोतल्या रंगांच्या आकड्यांपैकी दोनतृतीयांश आकडे अशा हिशेबातून आलेले असतात.

यातून कामाच्या तीन गोष्टी निघतात:

- सेन्सर कापडाचा रंग मोजत नाही, कापडावरून परतलेला उजेड मोजतो. उजेड बदलला की आकडे बदलतात.
- उजेड कोणता होता हे फोनला कुणी सांगत नाही, तो अंदाज करतो. अंदाजाला तुम्ही आधार दिलात तर चूक कमी होते.
- सेन्सरच्या गाळण्या आपल्या डोळ्यासारख्या हुबेहूब नसतात. त्यामुळे काही मोजके रंग सगळे काळजीपूर्वक करूनही चुकतात. ते कोणते, हे माहीत असलेले बरे.

पहिली पायरी: उजेड एकच ठेवा

सर्वांत चांगला उजेड फुकटच मिळतो. उत्तरेकडची खिडकी किंवा ऊन थेट येत नाही अशी गच्ची शोधा. हैदराबादच्या उन्हाळ्यात सकाळी नऊ ते अकरा हा वेळ सोयीचा. भर दुपारच्या उन्हात जर चमकून पांढरी पडते आणि चुण्यांच्या सावल्या काळ्या होतात. संध्याकाळच्या उन्हात पांढऱ्या साडीलाही केशरी झाक येते.

हे पाळा:

- खोलीतले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की साडीचा एक भाग निळसर आणि दुसरा पिवळट येतो. असा मिश्र उजेड नंतर कोणत्याही अॅपमध्ये नीट सुधारत नाही, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.
- भिंतीचा रंग पाहा. हिरव्या किंवा गुलाबी भिंतीजवळ साडी धरली की तो रंग कापडावर परततो. पांढरी किंवा करडी भिंत नसेल तर पांढरी चादर मागे आणि बाजूला टांगा.
- रंगीत छत, पडदा, ताडपत्री टाळा. निळ्या प्लास्टिकच्या छपराखाली खरा पिवळा मिळणे अशक्य आहे.
- पावसाळ्यात रोजची एकच वेळ ठरवा. ढगाळ उजेड एकसारखा आणि मऊ असतो, पण निळसर असतो. तो पुढच्या पायरीत सुधारता येतो.

रात्रीच काम करावे लागत असेल तर दिवा निवडताना वॅटपेक्षा सीआरआय पाहा. दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात, याचा हा शंभरपैकी गुण. घरगुती स्वस्त एलईडी बहुधा ८० च्या आसपास असतात. कापडासाठी ९० च्या वरचे, शक्य तर ९५ चे घ्या. 'आर९' हा गुणही छापलेला असेल तर तो जरूर वाचा. गडद लाल रंग त्या दिव्यात कसा दिसतो हे तो सांगतो आणि स्वस्त एलईडी नेमके तिथेच कमी पडतात. डाळिंबी, लाल, वांगी आणि तपकिरी साड्या रात्रीच्या फोटोत मरगळलेल्या दिसतात त्याचे हेच कारण. कोठी-अबिड्स भागातल्या दुकानांत दिवा घेताना सीआरआय खोक्यावर छापलेला आहे ना ते पाहा, आणि तोंडी आश्वासनावर थांबू नका. दोन दिवे घेणार असाल तर एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे घ्या.

फोटोत आडवे काळपट पट्टे येत असतील तर दोष कापडाचा नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. पट्टे जातात.

दुसरी पायरी: व्हाइट बॅलन्स फोनवर सोडू नका

फोटोत जे काही आहे त्यावरून फोन उजेडाचा रंग ताडतो आणि त्यानुसार फोटोतले रंग जुळवतो. हाच व्हाइट बॅलन्स. चौकट भरून पिवळी साडी आली की त्याला वाटते उजेडच पिवळा आहे, आणि तो फोटोत निळा मिसळतो. साडी जितकी एकरंगी आणि जितकी जवळ, तितकी ही चूक मोठी. पदर, काठ आणि अंग यांच्या तीन फोटोंत तीन रंग येतात ते यामुळे.

यावर उपाय ग्रे कार्ड. हे तटस्थ करड्या रंगाचे साधे कार्ड कॅमेऱ्याच्या दुकानात मिळते.

१. साडी जिथे ठेवणार तिथेच, त्याच उजेडात कार्ड धरा. त्यावर तुमची किंवा भिंतीची सावली पडू देऊ नका.
२. कॅमेरा असेल तर चौकट भरून कार्डाचा फोटो घ्या आणि 'कस्टम व्हाइट बॅलन्स' मध्ये तो निवडा.
३. फोन असेल तर प्रो मोड उघडा, व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वरून काढा आणि कार्ड निखळ करडे दिसेपर्यंत केल्विनचा आकडा सरकवा. दिवसाच्या उजेडात हा आकडा ५,५०० च्या आसपास येतो, सावलीत आणखी वर जातो, पिवळ्या दिव्यात ३,००० च्या जवळ उतरतो.
४. तोच आकडा ठेवून साडीचे सगळे फोटो एका दमात काढा. उजेड बदलला की पुन्हा या यादीतल्या पहिल्या क्रमांकापासून.
५. तुमच्या फोनच्या मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर ती देणारे वेगळे कॅमेरा अॅप घ्या. तेही नको असेल तर प्रत्येक मालिकेच्या पहिल्या फोटोत साडीवर कार्ड ठेवा आणि नंतर सुधारताना त्यावर 'न्यूट्रल पिकर' टेकवा.

कार्डाऐवजी पांढरा कागद किंवा रुमाल वापरू नका. कागदात आणि धुतलेल्या कपड्यांत चकाकी आणणारी रसायने असतात. ती अतिनील किरण शोषून निळा उजेड टाकतात, त्यामुळे तुमचे मोजमाप मुळातच पिवळ्याकडे झुकते.

याच वेळी फोनमधली 'सीन ऑप्टिमायझर', 'एआय एन्हान्स', 'व्हिव्हिड' अशा सोयी बंद करा. आकाश निळे आणि जेवण चविष्ट दिसावे यासाठी त्या बनवलेल्या आहेत. त्यांना साडीचा रंग माहीत नसतो.

तिसरी पायरी: उजळपणा थोडा कमी ठेवा

प्रत्येक पिक्सेलची उजेड साठवण्याची एक मर्यादा असते. राणी किंवा लालभडक साडीत लाल गाळणीचे पिक्सेल आधी काठोकाठ भरतात, हिरवे आणि निळे मात्र अजून भरत असतात. लाल आकडा थांबला आणि बाकीचे वाढत राहिले की तिघांचे प्रमाण बिघडते. कापडाचा पोत जातो आणि उरतो सपाट गुलाबी रंग. भरून सांडलेले मोजमाप नंतर परत आणता येत नाही.

- तेजस्वी लाल, राणी, केशरी, गुलबक्षी: एक्स्पोजर −०.३ ते −०.७ ठेवा. हिस्टोग्राममध्ये तिन्ही रंगांचे आलेख वेगळे दिसत असतील तर लाल आलेख उजव्या भिंतीला टेकू देऊ नका.
- पांढरी, मोतिया, लिंबू: कॅमेरा त्यांना करडे करू पाहतो, म्हणून +०.७ ते +१.
- काळी, गडद निळी, गडद हिरवी: कॅमेरा त्यांना फिकट करू पाहतो, म्हणून −०.७ ते −१.
- जर: तिच्यात समोरच्या उजेडाचे प्रतिबिंब दिसते. फ्लॅश नेहमी बंद. बाजूने येणारा मऊ उजेड घ्या. जरीला सोनेरी दाखवण्यासाठी सगळा फोटो पिवळा करू नका, त्यात साडीचा रंग जातो.

अडचणीचे रंग आणि अडचणीची वीण

वरच्या तिन्ही पायऱ्या नीट केल्या तरी काही साड्या त्रास देतातच. प्रत्येकीचा इलाज वेगळा.

वांगी, जांभळा, आमसुली. या रंगांतला तांबूस भाग बराचसा वर्णपटाच्या लाल टोकाला असतो. डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड किरण अडवण्यासाठी सेन्सरपुढे जी गाळणी असते, ती याच टोकाला उजेड कापायला सुरुवात करते. तांबूस गेला की उरते निळे. एलईडीखाली हे आणखी वाढते. अशा साड्या दिवसाच्या उजेडातच घ्या. सुधारणा करताना सगळा फोटो लाल करण्याऐवजी फक्त निळ्या-जांभळ्याचा 'ह्यू' जांभळ्याकडे थोडा सरकवा आणि साडी शेजारी धरून ताडून पाहा.

मोरपंखी, चिंतामणी आणि चमकदार पोपटी. इथे सेन्सर बहुधा चुकत नाही. इंटरनेटवर सर्रास चालणारी एसआरजीबी ही रंगमर्यादाच तोकडी पडते. १९९६ साली त्या काळच्या संगणकाच्या पडद्यांना धरून ती ठरली. गडद मोरपंखीतला तजेला तिच्यात मावत नाही. उपाय नाही, म्हणून वर्णनात लिहा: "प्रत्यक्षात रंग अधिक तजेलदार आहे."

काळा. काही कृत्रिम धाग्यांचे काळे कापड इन्फ्रारेड भरपूर परतवते. सेन्सरपुढची गाळणी पातळ असेल तर ते तपकिरी किंवा जांभळट दिसते. २००६ मध्ये आलेल्या लायकाच्या एम८ या महागड्या कॅमेऱ्यात हेच झाले होते. काळे कृत्रिम कापड जांभळट येऊ लागल्यावर कंपनीने ग्राहकांना लेन्सवर लावायच्या इन्फ्रारेड गाळण्या दिल्या. तुमच्याकडे असे होत असेल तर जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बपासून दूर जा, कारण त्यात इन्फ्रारेड मुबलक असते.

पांढरी सुती. चकाकी आणणाऱ्या रसायनांमुळे दिवसा ती निळसर येते. ग्रे कार्डावर व्हाइट बॅलन्स लावा आणि उरलेली निळी झाक तशीच राहू द्या. डोळ्यालाही ती थोडी दिसतच असते.

धूपछाँव. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असेल तर खरा रंग एकच नसतो. सरळ, तिरका आणि घडीचा असे तीन फोटो द्या. एका फोटोवर विकलेली धूपछाँव साडी परत येण्याची शक्यता जास्त.

नारायणपेठीच्या बारीक चौकटी. वीण किंवा चौकट सेन्सरच्या पिक्सेलांइतकी बारीक झाली की शेजारच्यांवरून केलेला हिशेब फसतो आणि कापडावर नसलेले इंद्रधनुषी पट्टे उमटतात. याला मॉएरे म्हणतात. आधी फोटो पूर्ण मोठा करून पाहा. मोठा केल्यावर पट्टे गेले तर ते फक्त स्क्रीनवरचे होते. राहिले तर एक पाऊल पुढे किंवा मागे व्हा, कोन थोडा बदला, आणि कॅमेरा असेल तर छिद्र एफ/११ च्या पुढे लहान करा.

लाल इक्कत आणि तेलिया रुमाल. पोचमपल्ली आणि पुट्टपाकाच्या कामात रंगांच्या कडा किंचित विस्कटलेल्या असतात, तीच त्यांची ओळख. लाल कापडावर मात्र मुख्यतः लाल गाळणीचे, म्हणजे चारातले एकच, पिक्सेल कामाला येतात. म्हणून लाल भागातला बारीक तपशील आधीच कमी टिपला जातो. लांबून काढून कापण्यापेक्षा जवळ जाऊन वेगळा फोटो घ्या. कडांवर 'शार्पनिंग' लावू नका. इक्कतीच्या कडा कोरीव दिसल्या की जाणकार ग्राहकाला ती छापील वाटते.

रॉ की जेपेग?

जेपेगमध्ये फोनने हिशेब संपवलेला असतो. रॉ फाइलमध्ये सेन्सरचे मोजमाप बरेचसे मूळ स्वरूपात राहते, त्यामुळे व्हाइट बॅलन्स नंतर बदलला तरी नुकसान होत नाही.

- दिवसाला दहा-वीस साड्या, एकच खिडकी, ग्रे कार्ड हाताशी: जेपेग पुरेल.
- छापील कॅटलॉग, महागड्या साड्या किंवा पैठणी-गद्वालसारखे जरीकाम: रॉ अधिक जेपेग.
- रॉमध्ये सुधारणा करायला वेळ नसेल तर रॉ घेऊ नका. न सुधारलेली रॉ फाइल जेपेगपेक्षा फिकट दिसते आणि काम वाढते.

रॉचा आणखी एक उपयोग म्हणजे पुरावा. तो कसा, ते हक्कांच्या भागात पाहा.

नवा फोन, नवा कॅमेरा की आणखी काही?

जाहिरातीतल्या ५०, १०८ किंवा २०० मेगापिक्सेलांना भुलू नका. अशा बहुतेक सेन्सरांत शेजारचे चार, नऊ किंवा सोळा पिक्सेल एकाच रंगाच्या गाळणीखाली असतात आणि नेहमीच्या फोटोत ते एकत्र करून सुमारे १२ मेगापिक्सेलांचा फोटो बनतो. अंधुक उजेडात हे फायद्याचे असते. रंग मात्र यामुळे अधिक खरा होत नाही. पूर्ण मेगापिक्सेलांचा मोड भरपूर उजेडात, फक्त विणीच्या तपशिलासाठी वापरा.

खर्चाचा क्रम असा ठेवा:

१. ग्रे कार्ड आणि पांढरी पार्श्वभूमी.
२. ९५ सीआरआयचे दोन दिवे.
३. फोन पक्का धरणारा स्टँड.
४. २४ चौकोनांचा रंगतक्ता. त्याचा फोटो घेऊन तुमच्या कॅमेऱ्याचे रंग-प्रोफाइल बनवता येते. महिन्याला शेकडो साड्या विकत असाल तरच.
५. या चारही गोष्टी करूनही अडत असेल तर मिररलेस कॅमेरा. मोठ्या पिक्सेलांत उजेड जास्त मावतो, म्हणून गडद रंगांत दाणेदारपणा कमी येतो.

वापरलेला कॅमेरा घेत असाल तर दुकानातच हे तपासा:

- पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर फोटो. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे.
- लेन्सचे झाकण लावून काही सेकंदांचा फोटो. रंगीत ठिपके म्हणजे बिघडलेले पिक्सेल.
- काळ्या कृत्रिम कापडाचा दिवसाच्या उजेडात फोटो. ते लालसर आले तर सेन्सरपुढची इन्फ्रारेड गाळणी काढलेली असू शकते. साड्यांसाठी असा कॅमेरा निरुपयोगी.
- नवा घेताना जीएसटीचे बिल, त्यावर सिरियल नंबर आणि भारतातली वॉरंटी. बिल नको तर स्वस्त, असे सांगणाऱ्याकडून घेऊ नका. पुढे वॉरंटी मागायला हातात काहीच राहत नाही.

पाठवण्यापूर्वी: स्क्रीन आणि व्हॉट्सअॅप

- रंग तपासताना फोनचा 'आय कम्फर्ट', 'नाइट लाइट' किंवा 'ट्रू टोन' बंद करा आणि डिस्प्ले 'व्हिव्हिड'वरून 'नॅचरल'वर आणा. भडक स्क्रीनवर पाहून सुधारलेला फोटो ग्राहकाच्या साध्या स्क्रीनवर फिका पडतो.
- फाइल एसआरजीबीमध्ये जतन करा. दुसऱ्या रंगमर्यादेतली फाइल काही अॅपमध्ये मरगळलेली दिसते.
- व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करते. जेपेग दाबताना उजेडाचा तपशील जपला जातो आणि रंगाचा तपशील बहुधा कमी केला जातो, म्हणून लाल-निळ्या बारीक कामाचे सगळ्यात जास्त नुकसान होते. निवडक ग्राहकांना फोटो एचडीत किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.
- दुसऱ्या विक्रेत्याने पाठवलेला फोटो पुन्हा पुढे ढकलू नका. त्या साडीच्या रंगाची जबाबदारी तुमच्याकडे येते आणि साडी तुम्ही पाहिलेलीही नसते.

वर्णनात काय लिहाल?

- रंगाचे नाव आणि त्याचा कल: "अंजिरी, किंचित तपकिरीकडे", "आबोली, गुलाबीपेक्षा केशरी जास्त".
- काठ, पदर आणि अंग यांचे रंग वेगवेगळे.
- फोटो कोणत्या उजेडात घेतला.
- सुधारूनही जो फरक राहिला तो. "स्क्रीननुसार रंगात फरक पडू शकतो" हे सरसकट वाक्य सगळ्या साड्यांखाली चिकटवू नका. ज्या साडीत फरक आहे तिथे तो नेमका सांगा.
- महाग साडीसाठी दिवसाच्या उजेडात व्हिडिओ कॉल. कॉलमध्ये फोन आपोआप रंग बदलतो, म्हणून साडीशेजारी ग्राहकाच्या ओळखीची वस्तू धरा, जसे हळदीची वाटी.

ग्राहक आणि विक्रेता: हक्क व जबाबदाऱ्या

तुम्ही ग्राहक असाल तर:

- पार्सल दिवसाच्या उजेडात, सलग व्हिडिओ काढत उघडा. रात्रीच्या ट्यूबलाइटखाली पाहून तक्रार करू नका.
- विक्रेत्याने पाठवलेला फोटो, वर्णन आणि गप्पांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.
- ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मालाचा दर्जा किंवा प्रकार खोटा सांगणे आणि बिल न देणे या अनुचित व्यापारी प्रथा आहेत. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे, बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत तसे न करणे, हेही त्यातच येते.
- ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन बाजारपेठेवरचा माल जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. मालाचे फोटो आणि वर्णन प्रत्यक्ष मालाशी जुळते असल्याची हमी अशा बाजारपेठेने विक्रेत्याकडून घ्यायची असते.
- आधी विक्रेत्याला लेखी कळवा. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही न मिटल्यास ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत २ वर्षांची आहे.
- किंचित छटाभेद हा दोष ठरेलच असे नाही. वांगी सांगून निळी पाठवली असेल तर तुमची बाजू भक्कम.

तुम्ही विक्रेता असाल तर:

- पुण्याचा ग्राहक पुण्यात तक्रार करू शकतो आणि उत्तर तुम्हाला तिथे द्यावे लागते. म्हणून ग्रे कार्डासह घेतलेला मूळ फोटो विक्रीनंतर किमान २ वर्षे सांभाळा.
- तुम्ही स्वतः काढलेल्या फोटोचा कॉपीराइट तुमचा. दुसऱ्याने तो चोरून वापरला तर मूळ रॉ फाइल हा तुमचा चांगला पुरावा, कारण ती फक्त काढणाऱ्याकडेच असते.
- पैसे देऊन फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतले असतील तर कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे वेगळा करार नसल्यास पहिली मालकी तुमची. तरी बिलावर तसे लिहून घ्या आणि रॉ फाइली मागून घ्या.
- पोचमपल्ली इक्कत, गद्वाल आणि नारायणपेठ या भौगोलिक मानांकन मिळालेल्या साड्या आहेत. यंत्रमागाची नक्कल त्या नावाने विकू नका, मग फोटोतला रंग कितीही खरा असो.

या आठवड्यात करायच्या गोष्टी

१. घरातली सर्वांत चांगली खिडकी आणि तास ठरवा. त्या जागी जमिनीवर चिकटपट्टीने खूण करा.
२. फोनमधल्या सगळ्या आपोआप सुधारणा बंद करा.
३. ग्रे कार्ड आणा आणि तुमच्या सर्वांत त्रासदायक साडीवर, म्हणजे बहुधा एखाद्या वांगी किंवा राणी साडीवर, पहिला प्रयोग करा.
४. फोटो दोन वेगळ्या फोनवर, साडी शेजारी धरून पाहा. दोन्हीकडे रंग सारखाच चुकत असेल तर उजेड किंवा व्हाइट बॅलन्स तपासा. एकाच फोनवर चुकत असेल तर दोष त्या स्क्रीनचा.
५. पुढच्या महिन्यात रंगाच्या कारणाने परत आलेल्या साड्या आणि त्यांचे रंग लिहून ठेवा. परत येणाऱ्या साड्या दोन-तीन रंगांतच अडकलेल्या असतील तर दिवा किंवा सुधारणा बदला. सगळ्याच रंगांत असतील तर आधी उजेडाची जागा बदला. कॅमेऱ्याची चौकशी त्यानंतर.